एडा : फर्मानाने निवडलेली भाषा

इ. स. १८४२ मध्ये लुइजी मेनाब्रेआ या इटालियन अभियंत्याने चार्ल्स बॅबेजच्या नियोजित ‘अॅनालिटिकल एंजिन’ या गणनयंत्रावर फ्रेंचमध्ये एक लेख लिहिला. पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अनुवादिकेने लेखाला टिपा जोडल्या होत्या, आणि त्या मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट लांबीच्या होत्या. अखेरच्या टिपेत बर्नोली संख्या यंत्राकडून काढून घेण्याची पायरीपायरीची रीत दिलेली आहे; तिला जगातील पहिला प्रोग्रॅम म्हणण्याची प्रथा पडली आहे. ही अनुवादिका म्हणजे कवी बायरनची कन्या ऑगस्टा एडा, काउंटेस ऑफ लव्हलेस. ती १० डिसेंबर १८१५ रोजी जन्मली आणि १८५२ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी वारली. तिच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या नव्या प्रोग्रॅमिंग भाषेला तिचे नाव दिले. ‘एडा’ ही भाषा कशी निवडली गेली आणि पुढे तिच्या वाट्याला काय आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला याच्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो रास्तच आहे. प्रमाणभाषा आणि बोली यांचे नाते, भाषेवर अधिकार कोणाचा, संहिता कोणासाठी लिहायची, जुनी संहिता नव्या काळात नेताना काय हरवते, हे प्रश्न आपण वर्गात शिकवतो. पण आपल्या उत्तरांची किंमत सहसा कोणाला मोजावी लागत नाही. येथे ती मोजावी लागणार होती. विमाने, जहाजे आणि क्षेपणास्त्रे चालवणारे प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहावेत हे ठरवायचे होते, आणि ते ठरवणाऱ्यांनी आपला विचार टप्प्याटप्प्याने कागदावर उतरवून ठेवला. भाषेची निवड इतक्या सावधपणे झाल्याचे उदाहरण दुसरे सहसा सापडत नाही.

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकी संरक्षण खात्याची स्थिती काय होती? यंत्रे स्वस्त होत चालली होती आणि त्यांवर चालणारे प्रोग्रॅम महाग. या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग यंत्रांच्या पोटात बसवलेल्या संगणकांवर होत होता. रडार, तोफा, विमानाचे सुकाणू यांच्यातील हे संगणक. हिशेबासाठी कोबोल आणि वैज्ञानिक गणितासाठी फोरट्रान या १९५० च्या दशकातल्या भाषा स्थिरावल्या होत्या; पण शस्त्रास्त्रांच्या पोटातील संगणकांसाठी ज्याची त्याची वेगळी बोली होती. हवाई दलाची ‘जोव्हियल’, नौदलाची ‘सी-एम-एस-२’, भूदलाची ‘टॅकपोल’. ‘जोव्हियल’ या नावाचा विस्तारच मुळी ‘आंतरराष्ट्रीय बीजगणिती भाषेची ज्यूल्सची स्वतःची आवृत्ती’ असा आहे. हे ज्यूल्स म्हणजे तिचे एक कर्ते ज्यूल्स श्वार्ट्झ. नावातच बोलीभाषेचा जन्म नोंदवलेला असावा, असे भाग्य भाषेच्या इतिहासकाराला क्वचितच लाभते. खात्यात अशा किमान साडेचारशे भाषा आणि पोटभाषा चालू होत्या, असा अंदाज वारंवार दिला जातो.

या बहुभाषिकतेत श्रीमंती नव्हती, अडचण होती. जहाज पंचवीस-तीस वर्षे चालते. त्यातला प्रोग्रॅम लिहिणारा माणूस तीन-चार वर्षांत दुसरीकडे जातो. कंत्राटदार बदलला की त्याची भाषा त्याच्याबरोबर जाते आणि मागे उरतो तो कोणालाही धड वाचता न येणारा मजकूर. मोडी वाचणारा माणूस गावात उरला नाही की रुमालात बांधलेल्या दप्तराचे जे होते, तेच येथे वीस वर्षांच्या आत होऊ लागले होते. फरक इतकाच, की येथील दप्तर बंद करून ठेवण्याजोगे नव्हते. त्यावर जहाज चालत होते.

जानेवारी १९७५ मध्ये या प्रश्नासाठी एक कार्यगट नेमण्यात आला. हवाई दलातील अधिकारी विल्यम व्हिटेकर त्याचे प्रमुख होते. ‘कोणती भाषा घ्यावी’ हा प्रश्न या गटाने आरंभी बाजूला ठेवला आणि ‘भाषेकडून आपल्याला काय हवे’ हा प्रश्न आधी घेतला. डेव्हिड फिशर यांनी अपेक्षांचा पहिला मसुदा तयार केला. त्याचे नाव ‘स्ट्रॉमन’, म्हणजे गवताचा माणूस, आपले बुजगावणे. वाटेल त्याने यावे आणि त्याला धक्का देऊन पाहावे, म्हणून हे नाव. आलेल्या आक्षेपांवरून त्याच वर्षी ‘वुडनमन’ हा लाकडी माणूस तयार झाला. १९७६ मध्ये पत्र्याचा ‘टिनमन’, १९७७ मध्ये लोखंडी ‘आयर्नमन’ आणि जून १९७८ मध्ये पोलादी ‘स्टीलमन’. साडेतीन वर्षांत पाच मसुदे झाले. दरम्यानच्या काळात काम अडू नये म्हणून १९७६ मध्ये सात जुन्या भाषांची एक तात्पुरती मान्य यादी जाहीर करण्यात आली. प्रचलित भाषा ‘टिनमन’च्या अपेक्षांवर घासून पाहण्यात आल्या. एकही पूर्णपणे उतरली नाही. मात्र काहींच्या पायावर नवी भाषा उभारता येईल, असा निष्कर्ष १९७७ च्या आरंभी निघाला.

या मसुद्यांतील एक अपेक्षा आपल्याला थांबून वाचण्यासारखी आहे. प्रोग्रॅम लिहिणे सोपे जावे यापेक्षा तो वाचणे सोपे जावे, याला प्राधान्य द्यावे, असे तेथे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. कारण व्यवहारी होते. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे वाचला जातो. दुरुस्त करणारा माणूस बहुधा लिहिणाऱ्याला कधी भेटलेलाही नसतो. म्हणजे भाषेच्या निवडीत येथे मत मागितले गेले ते अजून जन्माला न आलेल्या वाचकाचे. साहित्यसमीक्षेत वाचकाला केंद्रस्थानी आणण्याची चर्चा त्याच दशकात जोरात होती. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही, तो जोडण्याचा मोहही आम्ही टाळतो. पण लष्करी कार्यालयातील माणसे खर्चाच्या वाटेने त्याच ठिकाणी पोचली होती, एवढी नोंद करणे गैर ठरू नये.

मग भाषा घडवण्यासाठी जाहीर आवाहन झाले. सतरा प्रस्ताव आले, त्यांतले चार निवडले गेले. परीक्षकांच्या मनात संस्थेचे नाव येऊ नये म्हणून चौघांना रंगांची नावे दिली गेली : हिरवा, लाल, निळा, पिवळा. उत्तरपत्रिकेवरील नाव झाकून बैठक क्रमांक लिहिण्याचाच हा प्रकार. चारही गटांनी पायाला घेतली ती पास्कल ही भाषा. निक्लाउस वीर्ट या स्विस प्राध्यापकाने १९७० च्या सुमारास ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी रचली होती. वर्गातली भाषा रणगाड्याच्या पोटात जाणार होती. १९७८ मध्ये निळा आणि पिवळा गट गळाले. २ मे १९७९ रोजी हिरव्या गटाची निवड जाहीर झाली. तो गट होता फ्रान्समधील ‘सी-आय-आय हनीवेल बुल’ या कंपनीचा आणि त्याचे प्रमुख होते झाँ इश्बिया. फ्रेंच लेखाच्या इंग्रज अनुवादिकेचे नाव अशा रीतीने एका फ्रेंच माणसाने रचलेल्या अमेरिकी भाषेला मिळाले. भाषेचे प्रमाणपुस्तक १० डिसेंबर १९८० रोजी, म्हणजे एडाच्या जन्मदिवशी, मंजूर झाले आणि त्याला मुद्दाम १८१५ हा क्रमांक देण्यात आला. सुधारून घेतलेले प्रमाण १९८३ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाले.

भाषेचा स्वभाव कसा होता? एक उदाहरण पुरेल. एखाद्या प्रोग्रॅममध्ये एक आकडा मीटरमध्ये आहे आणि दुसरा फुटांमध्ये. बहुतेक भाषांच्या दृष्टीने दोन्ही केवळ आकडे. त्यांची बेरीज निमूटपणे होते आणि चूक कळते ती यंत्र आपटल्यावर. एडामध्ये हे दोन वेगवेगळे प्रकार आहेत असे लिहिणाऱ्याने आधी घोषित केले, की त्यांची सरळ बेरीज भाषा करूच देत नाही. लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, ज्याला कंपायलर म्हणतात, तेथेच अडवणूक करतो. शिवाय एडात प्रत्येक मोठ्या भागाची अनुक्रमणिका वेगळी आणि तपशील वेगळा लिहायचा असतो. वाचणाऱ्याने अनुक्रमणिका पाहून काम भागवावे, तपशिलात शिरण्याची गरज त्याला शक्यतो पडू नये. लिहिणाऱ्याला हे सारे जाचक वाटते. दहा वर्षांनी वाचणाऱ्याला ते उपकार वाटतात.

टीका झालीच. डाइक्स्ट्रा यांनी १९७८ मध्येच चारही रंगांवर कठोर टिपणे लिहिली होती. टोनी होअर यांनी १९८० च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात अधिक गंभीर इशारा दिला : ही भाषा आहे त्या स्थितीत इतकी गुंतागुंतीची आहे, की अणुभट्टी किंवा क्षेपणास्त्र तिच्या भरवशावर सोडू नये. होअर यांचा मुद्दा आपल्या परिभाषेत असा मांडता येईल, की व्याकरणच इतके मोठे झाले तर वाचकाच्या सोयीसाठी घडवलेली भाषा वाचकालाच जड होते.

खरी परीक्षा मात्र प्रसाराची होती. खात्याने ‘एडा’ हे नाव स्वतःचा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवले. ठरावीक चाचण्या उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणत्याही कंपायलरला हे नाव लावता येत नसे. पोटभाषेला बंदी होती. भाषेचा निम्मा भाग घेऊन ‘ही आमची एडा’ म्हणता येत नव्हते. साडेचारशे बोलींचा अनुभव घेतलेल्या खात्याने बोली जन्मू नये याचाच बंदोबस्त केला होता. १९८३ पासून वापराचे आदेश निघू लागले, १९८७ मध्ये ते अधिक कडक झाले आणि १ जून १९९१ पासून अमेरिकी कायद्यानेच संरक्षण खात्याचे प्रोग्रॅम, जेथे परवडेल तेथे, एडात लिहिणे बंधनकारक केले.

फर्मानाने भाषा बदलण्याचा प्रयोग आपल्या इतिहासातही आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले, त्यामागे राज्याचे बळ होते. तरी दप्तर, जमीन, वसूल, हुकूम हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. कोश अपुरा होता म्हणून असे झाले नाही. कारकुनाचा हात आणि रयतेचे तोंड यांना पडलेली सवय कोशापेक्षा जुनी होती.

एडाच्या बाबतीत हात आणि तोंड कोणाचे होते? ते होते विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या तरुण मुलांचे. त्यांच्या हाती दुसरीच भाषा होती. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास रचलेली ‘सी’ ही भाषा युनिक्सबरोबर महाविद्यालयांत शिरली. १९७८ मध्ये कर्निगन आणि रिची यांचे तिच्यावरचे लहानसे पुस्तक आले. भाषा लहान, कंपायलर सहज मिळणारा, लिहिणाऱ्यावर बंधने थोडी. तिची शिफारस कोणत्याही समितीने केली नव्हती. उलट एडाचे आरंभीचे कंपायलर महाग आणि संथ होते. चाचण्या उत्तीर्ण झालेला पहिला कंपायलर न्यूयॉर्क विद्यापीठात १९८३ मध्ये तयार झाला, पण तो वेगासाठी नव्हे तर भाषेचा अर्थ नेमका स्पष्ट करण्यासाठी लिहिलेला होता. विनामूल्य आणि चांगला कंपायलर सर्वांच्या हाती आला तो १९९० च्या दशकात. तोवर एक पिढी ‘सी’ लिहायला शिकून नोकरीला लागली होती. २९ एप्रिल १९९७ रोजी संरक्षण खात्याने एडाची सक्ती मागे घेतली. पुढे एफ-३५ या लढाऊ विमानाच्या प्रोग्रॅमसाठी ‘सी प्लस प्लस’ निवडली गेली. तिच्या मोकळेपणाला आवर घालण्यासाठी २००५ मध्ये नियमांचे एक स्वतंत्र पुस्तकच काढावे लागले. जी शिस्त एडाच्या व्याकरणात होती तीच आता शुद्धलेखनाच्या नियमांसारखी बाहेरून लावायची होती.

सक्ती उठण्याच्या आदल्याच वर्षी एक अपघात घडला होता. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कूरू येथून युरोपचे ‘एरियान ५’ हे रॉकेट प्रथमच झेपावले आणि उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्रॅम एडात लिहिलेला होता आणि तो आधीच्या ‘एरियान ४’ वरून जसाच्या तसा उचललेला होता. त्यात एक मोठा आकडा लहान जागेत बसवण्याची क्रिया होती. जुन्या रॉकेटचा वेग पाहता तो आकडा मर्यादेबाहेर जाणार नाही असे हिशेबाने ठरले होते, म्हणून तेथे पहारा ठेवला नव्हता. नवे रॉकेट अधिक वेगाचे होते. आकडा जागेत मावला नाही, यंत्रणा बंद पडली. तशीच दुसरी यंत्रणा राखीव होती, तीही त्याच कारणाने बंद पडलेली होती. सर्वांत विषादाची गोष्ट ही, की ज्या कामासाठी ती क्रिया चालू होती, त्या कामाची नव्या रॉकेटला झेपावल्यानंतर गरजच नव्हती. चौकशी मंडळाने त्याच वर्षी जुलैत हे सारे अहवालात नोंदवले.

एडाच्या विरोधकांनी या घटनेचा दाखला दिला, समर्थकांनी तो फेटाळला. आमच्या मते दोघांच्याही हातून मूळ मुद्दा निसटतो. प्रोग्रॅमच्या ओळींत चूक नव्हती. जुन्या संदर्भात त्या बरोबरच होत्या. संहिता पुढे नेली, पण ती ज्या गृहीतकावर उभी होती ते सोबत वाचले गेले नाही. कोणतीही भाषा, कितीही शिस्तीची असो, वाचण्याचे काम वाचकाऐवजी करून देत नाही. वाचकासाठी घडवलेल्या भाषेत लिहिलेला मजकूर पुन्हा न वाचताच वापरला गेला. एडाच्या इतिहासातील हा धडा तिच्या यशापयशापेक्षा मोठा आहे, असे आम्हांला वाटते.

आणि अपयश तरी पुरते कोठे आहे? १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७७७ विमानातील प्रोग्रॅमचा मोठा हिस्सा एडात आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या पॅरिस मेट्रोच्या चालकविरहित १४ क्रमांकाच्या मार्गिकेचे सुरक्षाविषयक प्रोग्रॅमही एडात आहेत. भाषेचे प्रमाण १९९५, २०१२ आणि २०२२ च्या आवृत्त्यांतून सुधारत राहिले आहे. चूक झाली तर माणसे मरतील अशा ठिकाणी ती टिकली. इतरत्र तिला कोणी विचारले नाही. सर्वांची भाषा व्हावी म्हणून घडवली गेली आणि मूठभरांची शास्त्रभाषा होऊन राहिली.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण असे, की तीच निवड पुन्हा समोर आली आहे. ‘सी’ आणि ‘सी प्लस प्लस’ आता जुन्या झाल्या आहेत. संगणकाच्या स्मृतीतील नको त्या जागी हात घालण्याची जी मोकळीक त्या देतात, तिच्यातून घुसखोरीच्या वाटा निघतात. आपण दरवर्षी दुरुस्त करतो त्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के या जातीचे असतात, असे मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून, अशी चूक करूच न देणाऱ्या भाषांकडे वळा, असे आवाहन करणारा अहवाल निघाला. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली ‘रस्ट’ ही त्यांतली सर्वांत चर्चेतली भाषा. तीही लिहिणाऱ्याला अडवते, कंपायलरकडूनच चूक पकडून घेते. एडाच्या आणि तिच्या नशिबात एक फरक आहे : तरुण मंडळी तिच्याकडे आपखुशीने आली, फर्मान निघाले नाही, शिफारस आली तीही मागाहून. भाषा आधी हातात आणि मग आदेशात, हा क्रम एडाला लाभला नव्हता.

तथापि नवी भाषा निवडली की काम संपले, या समजुतीपासून सावध राहायला हवे. ‘सी’ मधल्या कोट्यवधी ओळी कोणीतरी नव्या भाषेत उतरवणार आहे, बहुधा यंत्राच्या मदतीनेच. त्या ओळींमध्ये अशी किती गृहीतके दडलेली असतील, की जी कोणी लिहून ठेवलेली नाहीत? ती शोधायची म्हणजे जुना मजकूर संथपणे, संशयाने, संदर्भासह वाचायचा. एडा लव्हलेसने फ्रेंच लेखाचा अनुवाद करताना हेच केले होते. मूळ लेखकाने न सांगितलेले तिने टिपांत लिहिले, आणि आज मूळ लेखापेक्षा त्या टिपाच अधिक वाचल्या जातात.